डिजिटल फळ्याला ताप येतो

यमुताई खानझोड्यांच्या हाताला काहीतरी आहे, असं नागपुरातल्या महाल भागातल्या त्या मराठी शाळेत सगळेच म्हणत. कोणी म्हणे शाप आहे, कोणी म्हणे उष्णता आहे. मुख्याध्यापक मनोहरराव वैरागडे तर सांगत, की खानझोडे मॅडम नुसत्या जवळून गेल्या तरी भिंतीवरचं घड्याळ घाबरून पाच मिनिटं पुढे पळतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत यमुताईंनी चौथीच्या वर्गात तीन यंत्रं संपवली होती. हे काही पाठीमागे बोललं जात नव्हतं, चहा पिता पिता तोंडावर बोललं जाई. यमुताईही बशीत चहा ओतून म्हणत, "हो, तीन."

पहिला गेला रेडिओ. तेव्हा यमुताई बावीस वर्षांच्या, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. शाळेच्या रेडिओला कपाटात वेगळा कप्पा होता, क्रोशाचं झाकण होतं, आणि त्या वेळचे मुख्याध्यापक दर पंधरा ऑगस्टला तो पुसून परत आत ठेवत. मुलांचा कार्यक्रम लागायचा रोज दुपारी आणि कपाटाला कुलूपही असायचं रोज दुपारी. यमुताईंनी किल्ली कशी मिळवली ते कोणाला ठाऊक नाही. मुख्याध्यापकांच्या डुलकीतून मिळवली, असं म्हणतात. मग चोपन्न पोरं त्या रेडिओभोवती अशी दाटून बसायला लागली, की एकदा आतला माणूस गोष्ट थांबवून "जरा सरका, गुदमरायला होतंय" म्हणाला. चोपन्न पोरांनी शपथेवर सांगितलेली गोष्ट आहे, तिथे आपण कोण शंका घेणार. प्रत्येकाने रोज एकदा बटण फिरवायचं, हा यमुताईंचा नियम. अडीच महिन्यांत बटण हातात आलं, आणि रेडिओ शेवटपर्यंत एकच स्टेशन धरून बसला. तेही तेलुगू. ती तुकडी पाचवीत गेली ती हैदराबादचे बाजारभाव पाठ करून.

दुसरा टीव्ही. त्याची अँटेना गच्चीवर, तिला फिरवायला दोन पोरं, आणि जिन्यात "आलं! गेलं! आलं!" ओरडायला चार. एका सप्टेंबरात, सगळी पोरं खाली वर्गात असताना, पडद्यावर वीज कशी पडते त्याचा पाठ चालू होता आणि वीज खरोखरच अँटेनेवर पडली. कोणाला खरचटलंही नाही, टीव्ही तेवढा गेला. मुलांना वाटलं, हा पाठाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसरा संगणक. त्याला स्वतंत्र खोली, खाली जाजम, चपला बाहेर, दसऱ्याला झेंडूची माळ. जो मुलगा आठवडाभर शहाण्यासारखा वागेल त्याला खिडकीतून संगणक दाखवत. यमुताईंनी अख्खा वर्ग आत नेऊन बसवला. सात महिन्यांत कीबोर्डवरची अक्षरं झिजून पांढरी झाली. पोरांना मात्र कुठलं अक्षर कुठे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मग एका सकाळी संगणकातून धूर निघाला, अगदी संथ, उदबत्तीसारखा.

"दुसऱ्या शाळांतले तेव्हाचे संगणक जाऊन पहा," मनोहरराव सांगत. "आजही नव्यासारखे दिसतात. चालत नाहीत ते सोडा, पण दिसतात!"

असा हा इतिहास पाठीशी असताना एका डिसेंबरात शाळेत डिजिटल फळा आला. भिंतभर रुंद, काळा, चकचकीत. बोट लावलं की लिहितो, पुसतो, नकाशे दाखवतो, हाक मारली तर उत्तरही देतो. पाठवला शहराबाहेरच्या मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीने, आणि घेऊन आला त्या कंपनीतला इंजिनिअर अमोल लांजेवार. याच शाळेत, याच बाईंच्या हाताखाली शिकलेला. नऊ शाळांना नऊ फळे वापरायला दिलेले. एप्रिलमध्ये पाहणी व्हायची, मग पाच शाळांत ते कायमचे राहायचे आणि चार शाळांतले उचलून दुसरीकडे जायचे.

मनोहरराव कुहीकडचे, घरी धानाची शेती. मोलाची वस्तू उन्हापावसापासून राखायची हे त्यांच्या रक्तात. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गॅदरिंगचा जुना मखमली पडदा कापून फळ्याला झालर लावलेलं पांघरूण शिवून घेतलं.

"पाहणीपर्यंत याले कोणी हात नाही लावायचा," ते म्हणाले. "आन् खानझोडे मॅडम, तुमी तं खोलीतच नका जाऊ. तुमी दारातून नमस्कार करा."

"माझ्याच वर्गाच्या भिंतीला लावलाय तो, सर. मी काय दारातून शिकवू?"

भिंत दुसरी धरत नव्हती, बाकीच्यांचा गिलावा पोकळ होता. मनोहररावांनी कपाळाला हात लावला आणि पांघरुणाला आणखी दोन नाड्या शिवल्या.

नाड्या आठ दिवस टिकल्या. त्याला कारण मिनल.

मिनलचे डोळे जन्मापासून अधू. चष्म्याची काच अशी जाड, की समोरच्याला तिचे डोळे ताटाएवढे दिसत आणि तिला समोरचा माणूस धुक्यासारखा. काळ्या फळ्यावर बाई काहीतरी पांढरं करतात, एवढंच तिला पहिलीपासून माहीत. पुस्तक नाकाला लावलं तर एकेक अक्षर दिसे, पण ओळ संपेपर्यंत डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणून ती शेजारच्या श्वेताच्या वहीतून उतरवून घ्यायची, चुकांसकट. एकदा तर उत्तरपत्रिकेवर श्वेताचं नावही उतरवलं. तोंडी वाचनाच्या परीक्षेत सगळे तिला एक ओळ वाचायला लावून "जा बेटा" म्हणत आणि पासापुरते गुण देत. तीन वर्षं ती अशी कोणाकोणाच्या दयेने वर चढत आली होती, आणि हे तिला कळत होतं. हेच यमुताईंना सलत होतं.

त्या दिवशी यमुताईंनी नाड्या सोडल्या, फळ्यावर धडा उघडला आणि दोन बोटं फाकवली. अक्षर फुगलं. आणखी फाकवली. अक्षर कोहळ्याएवढं झालं. वर्ग हसायला लागला आणि दुसऱ्या बाकावरून मिनल जोरात म्हणाली, "नदी!"



"पुढे?" यमुताई म्हणाल्या.

"नदी... काठी... आमचं... बाई, पुढचं ढकला ना, पुढचं!"

त्या दिवशी मधली सुट्टी झाली नाही. कोणाच्या लक्षातच आली नाही.

मग काय विचारता! यमुताई पांघरूण खिडकीत वाळत घालून मोकळ्या झाल्या. सकाळी परिपाठाआधी अर्धा तास आणि शाळा सुटल्यावर तासभर मिनलचं वाचन, मध्ये सगळ्या वर्गाचं सगळं. पोरांनी त्या फळ्यावर अंबाझरी तलाव काढला, त्यात देवमासा सोडला, भागाकार केले, चंद्रावर जाऊन आले. गोलू नावाच्या पोराने नाकानेही लिहून पाहिलं. शाईचे, चिंचेचे, तेलाचे हात फळ्यावर फिरायचे आणि फळा सगळं सोसायचा. मनोहरराव दारातून पाहत आणि देवाचं नाव घेत.

यमुताईंनी मनाशी ठरवून टाकलं. मे अखेरीला आपण निवृत्त होणार. त्याआधी मिनलने तोंडी परीक्षेत सगळ्या वर्गासमोर पूर्ण धडा वाचायचा, आणि गुण मिळवायचे, मागायचे नाहीत.

एप्रिल लागला. आता नागपूरचा एप्रिल सांगायला नको, पण त्या वर्षीचा सांगायलाच हवा. म्हणतात, झाडावरची संत्री तोडली तर आतून गरम रस निघायचा, आणि कावळे कुलरची टाकी कुठे उघडी आहे ते एकमेकांना विचारत हिंडायचे. शाळा सकाळची झाली, तरी नऊ वाजता पत्रे कडकड वाजायला लागत. अशाच एका सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात थर्मामीटरचं लाल चित्र उमटलं.

"बाई!" गोलू ओरडला. "याले ताप आला!"

यमुताईंनी भिंतीच्या फटीतून फळ्याच्या पाठीला हात लावला. खरंच चटका बसला. इंग्रजीत काहीतरी लिहून आलं होतं, त्याचा अर्थ एवढाच होता, की मला थंड जागी ठेवा. आता नागपूरकराला कोणी म्हटलं, थंड कर, तर तो दुसरं काय करणार? इथे पाहुणा आला, लग्न असलं, म्हैस व्याली, काहीही झालं तरी आधी कुलर लावतात.

मनोहरराव त्या वेळी भाचीच्या लग्नाला कुहीला गेले होते, तीन दिवस. त्यांच्या ऑफिसात होता तो शाळेतला एकमेव कुलर, लोखंडी, चार माणसांनी हलवावा असा, नुकतीच वाळ्याच्या गवताची नवी खस लावलेला. यमुताईंनी त्याला हात घातला तशी शाळेची सेविका वच्छला आडवी आली.

"बाई, सायबाचा कुलर कुठं नेऊन राहिले? सायेब आले तं मले जित्ती नाही ठेवत."

"साहेब कुहीला पंगतीत बसलेत. तू काहून घाबरतेस? धर त्या बाजूने."

"फळ्यासाठी कुलर! आमच्या बाळंतपणात नाही लावला कोणी."

"तू धर तर!"

कुलर फळ्याच्या कडेला, भिंतीच्या फटीतून मागे हवा जाईल असा बसवला. बादल्यांनी पाणी ओतलं. ओल्या खसीचा वास वर्गभर पसरला, थर्मामीटरचं चित्र विझलं आणि पोरांनी जल्लोष केला. पुढचे तीन दिवस म्हणजे चौथीच्या वर्गाचा स्वर्ग. दुसऱ्या वर्गांतली पोरं काही ना काही निमित्त काढून तिथे येऊन बसत. मिनल रोज एक पान पुढे जात होती. पाण्याचे बारीक कण फळ्याच्या आत जाऊन बसत होते, ते मात्र कोणाला दिसत नव्हते.

सोमवारी सकाळी फळा "टप" एवढंच म्हणाला आणि काळा झाला. हाक मारली, उत्तर नाही. पोरांनी हात जोडले, उत्तर नाही. मंगळवारी पाहणी होती आणि बुधवारी तोंडी परीक्षा.

मनोहरराव लग्नाची मिठाई घेऊन परतले, ती त्यांच्या हातातच राहिली.

"चार!" ते खुर्चीत बसून म्हणाले. "मॅडम, चार!"

पहिल्यांदाच यमुताईंनी चहा बशीत ओतला नाही. रात्री मोबाइलवर अक्षर वाढवून पाहिलं, तर काचेवर एका वेळी एकच अक्षर मावत होतं. फळा गेला तर मिनल परत श्वेताच्या वहीत जाणार आणि पुढच्या प्रत्येक वर्गातला फळा तिला असाच धुरकट दिसत राहणार.

मंगळवारी मनोहररावांनी फळ्याला झालरीचं पांघरूण घातलं, वर हार घातला आणि वच्छलाला बोलावलं.

"मेन स्विच खाली कर. तो अमोल पाहणीले आला का सांगायचं, लाईन गेली."

"आन् पंखे?"

"तेही जातीन ना वं! लाईन का फळ्यापुरती जाते?"

"सर, हे बरं नाही," यमुताई म्हणाल्या.

"मॅडम, तुमी फक्त उभ्या रहा. आज तोंड उघडू नका. फळा गेला तं गेला, शाळेचं नाव तं राहू द्या."

अमोल लांजेवार दहा वाजता आला, पाठीवर बॅग, कपाळावर घामाचे ओघळ. बाईंच्या पाया पडला. वर्गात तीस पोरं वहीने वारा घेत बसलेली.

"लाईन नाही का सर?"

"सकाळीच गेली गा," मनोहरराव म्हणाले. "फळा एकदम टकाटक आहे. पण आता लाईनीले काय करतो!"

समोरच्या गल्लीतून पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू येत होती. अमोलने कान टवकारले. "गिरणी तर चालू आहे."

"ते... दुसऱ्या फेजवर आहे."

"आणि ती रसवंती? तिचा चरकही फिरतोय."

"तेही तिकडचीच."

"बरं," अमोल म्हणाला आणि चौथीच्या बाकावर गुडघे दुमडून बसला. "थांबतो मी."

मनोहररावांना वाटलं होतं, मिहानचा माणूस, एसीतला, पाच मिनिटांत पळेल. हा बसला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मनोहररावांचा सदरा पाठीला चिकटून नकाशासारखा दिसायला लागला. गोलू काहीतरी बोलायला उठला, त्याला वच्छलाने डोळ्यांनीच खाली बसवलं.

मग मिनल उठली. चाचपडत पुढे आली आणि यमुताईंच्या पदराचं टोक धरून म्हणाली, "बाई, उद्यापर्यंत लाईन येईल ना? माझे शेवटचे दोन परिच्छेद व्हायचेत."

अमोलशी खोटं बोलणं यमुताईंना जमलं असतं. त्यांनी मनाची तयारीही केली होती. पण त्या पदराच्या टोकाशी नाही जमलं.

"नाही येणार बेटा," त्या म्हणाल्या. "लाईन गेलेलीच नाही. अमोल, फळा मेलाय. मी मारला."

मनोहररावांनी डोळे मिटून घेतले.

"त्याला ताप आला म्हणून मी कुलर लावला. तीन दिवस. सरांचा त्यात काही हात नाही, सर लग्नाला होते. हे बघ, शाळेचं नाव खोडू नको. फळा दुरुस्त कर आणि तिसरीच्या सुरुची मॅडमच्या वर्गाची भिंत नीट करून तिथे लाव. मी त्याला शिवणार नाही, लिहून देते. फक्त ही मुलगी त्या वर्गात बसेल एवढं कर."

अमोल उठला. पांघरूण काढलं, बॅगेतून पाना काढला, फळ्याची बाजू उघडली. आतून पाण्याची धार लागली आणि तिच्यासोबत खसीच्या काड्या. एक बेडूकही बाहेर पडला, असं वच्छला आजही सांगते, पण ते तितकंसं खरं नाही.

"चार वर्षं हे काम करतोय बाई," अमोल म्हणाला. "फळ्यातून खसीचा वास पहिल्यांदा येतोय."

मग तो स्वतःच हसायला लागला. हसता हसता बाकावर बसला, खिशातून मोबाइल काढला.

"बाई, तुम्हाला माहीत आहे, हा फळा रोज आमच्या ऑफिसला कळवतो? किती वेळ चालला, कोणी काय उघडलं, सगळं. नऊ शाळांचं माझ्याजवळ आहे. ही बघा पहिली. चार महिन्यांत दोन तास दहा मिनिटं. त्यातला एक तास उद्घाटन. ही दुसरी, सहा तास. ही तिसरी... यांच्या फळ्याचं तर प्लास्टिकही निघालेलं नाही. काल गेलो होतो, त्यांनी मला पेढा दिला आणि फळा दाराआडून दाखवला."

"आणि आमची?" मनोहररावांनी एक डोळा उघडला.

"सहाशे अकरा तास."

मनोहररावांनी दुसराही डोळा उघडला.

"आमच्या साहेबांना वाटलं, मोजण्यातच काहीतरी बिघाड आहे. सहाशे अकरा तास शाळा तरी भरते का म्हणाले. जाऊन बघ म्हणाले. बाई, इतका वापर धरून हा फळा बनवलेलाच नाही कोणी. सगळ्यात जास्त काय केलंय माहीत आहे? अक्षर मोठं केलंय. अकरा हजार वेळा."

छत्तीस वर्षं यमुताई मोडलेली यंत्रं मोजत आल्या होत्या. वापरलेले तास कधी कोणी मोजतं, हे त्यांना आज कळत होतं.

"पाच शाळांत पहिलं नाव हेच," अमोल म्हणाला. "सोमवारी नवा फळा येईल. याच भिंतीवर. आणि जूनपासून तुम्ही रिकाम्या असाल तर फळे राहतील त्या बाकीच्या चार शाळांत चला माझ्याबरोबर. त्यांना जरा मोडायला शिकवा."

मनोहररावांची छाती हळूहळू पूर्वीच्या मापावर आली. "मी तं पयल्यापासून सांगून राहिलो, वापरा, वापरा म्हणून!"

"हाव," वच्छला म्हणाली. "अन् पडदा त्याले थंडी वाजू नये म्हून शिवला होता." ती स्टुलावर चढली, कोणी न सांगता मेन स्विच वर केला आणि पंखे गरगरले.

पोरांनी ओरडून छत उचललं. यमुताई ओरडल्या नाहीत. त्या अमोलच्या बॅगेकडे पाहत होत्या.

"सोमवारी म्हणालास ना? तोंडी परीक्षा उद्या आहे."

"बाई, एका दिवसात नवा फळा कुठून..."

"त्या बॅगेत काय आहे?"

अमोलने बॅग छातीशी धरली. "हा ऑफिसचा लॅपटॉप आहे बाई. याच्यात माझं सगळं काम..."

यमुताई नुसत्या पाहत राहिल्या. चौथीत असताना ज्या नजरेपुढे त्याचे पाढे आपोआप आठवायचे, तीच ती नजर. अमोलने निमूट चेन उघडली, "उद्याच्या परीक्षेपर्यंतच हं बाई" म्हणत लॅपटॉप मिनलच्या बाकावर ठेवला, धडा शोधला आणि अक्षर वाढवत नेलं. तळहाताएवढं झालं तेव्हा मिनलने मान हलवली.

ती वाचायला लागली. सुरुवातीला अडखळत, मग नीट, मग आवाज चढवून. ओळ संपली की श्वेता पुढची सरकवायची, आणि मध्येच गोलूने चिंच खाल्लेलं बोट काचेवर टेकवून "इथून, इथून वाच" सांगितलं. मग आणखी एक बोट आलं, मग पाच, मग सगळा वर्ग त्या बाकावर लोटला. त्या जुन्या रेडिओतला माणूस या लॅपटॉपमध्ये असता तर तोही सरका म्हणाला असता.

अमोलने "हळू" म्हणायला तोंड उघडलं. यमुताईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याने तोंड मिटलं आणि स्वतःच थोडा सरकून आणखी दोन पोरांना जागा करून दिली.